वळणावरचा फ्लेक्स

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी म्हणावं. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली गोष्ट आहे ही, आणि आज लिहायला बसले तरी माझं डोकं तडकतं. भीती नंतर वाटते. आधी संताप येतो.

जागा बजाजनगर. वाळूज एमआयडीसीला चिकटून कामगारांची वस्ती आहे ती. दिवस गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतले. आणि ती रात्र म्हणाल, तर रात्र नव्हतीच. दिवेलागणीची वेळ होती, रस्त्यावर माणसांची ये-जा होती. भुतंखेतं फक्त अमावास्येच्या मध्यरात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर नक्की वाचा.

आमच्या संभाजीनगरात बावन्न दरवाजे आहेत म्हणतात. दरवाजे आता शोधावे लागतात. थोबाडं मात्र शोधावी लागत नाहीत.

खांबावर थोबाड, झाडावर थोबाड, दुभाजकावर थोबाड. वाढदिवस यांचा आणि शिक्षा आम्हाला!

बजाजनगरच्या आमच्या भागात हा मान सांडूभाऊंचा. सांडूभाऊ म्हणजे 'भावी' काहीतरी. काय भावी ते दर निवडणुकीला बदलतं, भावी तेवढं कायम आहे. मधे हात जोडलेले सांडूभाऊ, भोवती गॉगल लावलेले चाळीसेक शुभेच्छुक, आणि वरच्या कोपऱ्यात देव.

हा कोपऱ्यातला देव नीट ध्यानात ठेवा.

तो भक्तीपोटी नसतो. देवाच्या फोटोला कुणी हात लावत नाही, म्हणून असतो. फ्लेक्स उतरवायला गाडी आली तरी दोरी कापताना माणूस कचरतो. फोटो खाली पडला, कुणाचा पाय लागला, तर निस्तरायचं कुणी? ज्या भिंतीपाशी पुरुष उभे राहतात तिथं देवाची टाइल बसवतात ना, तीच अक्कल. आणि ती चालते, कारण आपण माणसं तशीच आहोत.

सारजामावशी आणि मल्हारकाका मूळचे पिशोरकडचे. मेंढरं होती. ती विकून दोघं वाळूजला आले. काका कंपनीच्या गेटवर वॉचमन, मावशी कँटीनमध्ये पोळ्या लाटते. एकुलती एक लेक प्रांजली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. गालावर तीळ, हसली की तो वर सरकायचा. तिलाही कंपनीत काम लागलं होतं, पहिली पाळी. हप्त्यावर स्कूटी घेतली होती.

त्यांची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं केसरबाईंचं चहाचं टपरं आहे. त्याच्या समोर, गल्लीतून बाहेर पडताना उजव्या हाताला, विजेचा खांब आणि एक बांबू यांच्यामध्ये सांडूभाऊंचा वाढदिवसाचा फ्लेक्स ताणलेला होता. वरून खालपर्यंत. गुडघ्याएवढी फट सोडली होती, ती कुत्र्यांसाठी असावी.

उजवीकडून काय येतंय ते दिसायचंच नाही.

प्रांजली रोज त्या वळणावर थांबायची. मान पुढं काढायची. दोनदा हॉर्न वाजवायची.

पीं... पीं...

मग निघायची. मावशी घरात चहा गाळत असायची. ते दोन हॉर्न ऐकले की समजायची, पोरगी रस्त्याला लागली.

"आई, त्या फ्लेक्समुळं टँकर दिसत नाय गं," प्रांजली म्हणायची. "सांडूभाऊचं तोंड तेवढं दिसतं."

वाढदिवस होऊन महिना उलटला होता. फ्लेक्स तिथंच.

त्या सकाळी मावशीने दोन हॉर्न ऐकले.

आणि लगेच ब्रेकचा आवाज...

पाण्याचा टँकर होता. पुढचं मी लिहीत नाही.

पोलीस आले. टँकरवाल्याला धरलं. रस्त्यावर चुन्याने रेघा मारल्या. फ्लेक्सकडे कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. बरोबरच आहे, वर देव होता.

आता खरा कहर ऐका.

तिसऱ्या दिवशी राख सावडून काका परत आले, तर त्याच खांबाला, त्याच बांबूला, त्याच वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दुसरा फ्लेक्स ताणलेला.

भावपूर्ण श्रद्धांजली.

प्रांजलीचा फोटो. कंपनीच्या गेटपाससाठी काढलेला, गुलाबी ओढणीचा. कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवरून उचललेला. पांढऱ्या गोलात माझी बहीण, मागे निळं आभाळ, आणि शेजारी तिच्या दुप्पट आकाराचे सांडूभाऊ, हात जोडून.

जिनं तिचा जीव घेतला त्या जागेवर तिलाच आडवी लावली होती हो! देवाच्या जागी तिला बसवलं होतं. आता कोण हात लावणार?

सुतकात घरची बाई बाहेर पडत नाही. मावशी पडली. गावाकडून आणलेला विळा घेतला आणि थेट वळणावर गेली. काका मागे धावले.

"सारजे, थांब! पोरीचा फोटो हाय त्याच्यावर."

"म्हूनच कापायचाय. ह्यो फ्लेक्स आणिक कुणाचं तरी लेकरू खाईल."

"पोरीच्या तोंडावर विळा चालवशील?" काकांचा आवाज फुटला. "तिचा दहावासुदीक नाय झाला अजून. अगं, माय हायेस ना तू तिची?"

मावशीचा हात खाली आला.

सांडूभाऊंना नेमकं हेच हवं होतं.

मग ती त्यांच्या कार्यालयात गेली. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं रीतसर. मी सोबत होते, म्हणून शब्द न शब्द सांगते.

"मावशी, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी हाओत."

"फ्लेक्स काढा," मावशी म्हणाली. "दोन्ही. तिथनं गाडी दिसत नाय."

"वाढदिवसाचा काढायचा होता हो. पोरं इसरली." सांडूभाऊ हसले. "आणि हा दुसरा तर तुमच्या लेकीचा हाय. आपल्या हातानं लेकीबाळीचा फोटो कसा उतरवावा? मला पाप लागंल. तुम्हीच काढा, कोण अडवतंय?"

 सांडूभाऊ पुढे बोलत राहिले.

"उलट खुशखबर ऐका. दहाव्याच्या दिवशी वेल्डर येऊन राहिला. पक्का लोखंडी सांगाडा ठोकतो तिथं. प्रांजलीताई चौक! कायमची आठवण. टेन्शन नका घेऊ."

कायमचा सांगाडा. म्हणजे त्यावर आज प्रांजली, उद्या सांडूभाऊ, परवा त्यांचे चिरंजीव. म्हणजे ते वळण कायमचं आंधळं.

मावशी उठली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "माझी पोरगी तुमच्या फ्लेक्सची खुंटी नाय."

सांडूभाऊंनी हात जोडले. फ्लेक्सवर जोडतात तसेच.

त्या दिवसांत वळणावर काहीतरी सुरू झालं होतं. आम्हाला उशिरा कळलं.

टपरीवाल्या केसरबाई पहाटेच स्टोव्ह पेटवतात. त्यांनी मावशीला हळूच विचारलं, "सारजाबाई, तुमच्या पोरीची गाडी कुणाला दिली का?"

"नाय. पोलीस ठाण्यात पडलीय. कामून?"

"रोज सकाळी वाजती..."

"काय?"

"पाळीच्या टायमाला. फ्लेक्सच्या मागनं. दोनदा. म्या जाऊन बघते तर कुणी नाय."

गल्लीतली कुत्री त्या खालच्या फटीतून ये-जा करायची. तीही आता लांबून वळसा घालून जात होती. केसरबाई म्हणाल्या, फ्लेक्सखाली टाकलेला पाव तसाच पडून राहतो.

 दुसऱ्या दिवशी पाळीच्या वेळी मावशी दार उघडून बसली.

पीं... पीं...

तिने ऐकलं. काकांनीही ऐकलं. दोघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायले.

दहावा कायगावला, गोदावरीवर करायचा होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी वेल्डरची माणसं लोखंडी पाइप आणून टपरीपाशी टाकून गेली. उद्या आम्ही सगळे नदीवर असणार, आणि इकडे सांगाडा उभा राहणार. वेळ साधायची अक्कल बघा माणसाची!

मावशीने पाइप पाहिले. घरी गेली. विळा घेतला.

काका प्रांजलीच्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घालत होते. त्यांनी पाहिलं. या वेळी अडवलं नाही, पण सोबतही आले नाहीत.

दिवेलागण झाली होती. कंपन्यांच्या बस जात होत्या. वारा सुटला होता, रस्त्यावरचे चहाचे कागदी कप गडगडत होते. मावशीने केसरबाईंचं स्टूल ओढलं, फ्लेक्ससमोर मांडलं आणि वर चढली.

आता लेकीचं तोंड तिच्या तोंडासमोर होतं.

तिने विळा उचलला.

हात चालेना.

एकदा उचलला, दोनदा उचलला. पातं त्या गुलाबी ओढणीपाशी जायचं आणि थांबायचं. पोटची पोर ती. आईने तिच्या गळ्यावर विळा कसा ठेवावा? नुसत्या दोऱ्या कापल्या असत्या तर सकाळी परत ताणला असता. आणि फ्लेक्स कापायचा म्हटलं तर तिथूनच कापावा लागणार, असाच तो बरोब्बर मधोमध फोटो.

मावशीला रडू नाही आलं. राग आला.  आणि ती स्टुलावर उभ्या उभ्या लेकीवरच ओरडली.

"निघ तिथनं! ऐकती का, प्रांजले? त्या मेल्याच्या शेजारी कामून बसलीस? त्यानं तुला मारलं आणि तुझ्याच आड लपून बसला! तुझं तोंड कुणाच्याच कामाला यायला नको. कुणाच्याच नको! निघ माय तिथनं... मला कापू दे."

केसरबाई चहाचा ग्लास धरून खाली उभ्या होत्या. पुढचं त्यांनीही पाहिलं. आजही विचारा, सांगतात.

फ्लेक्स फडफडत होता...

तो थांबला.

वारा चालूच होता. कागदी कप पळत होते, मावशीचा पदर उडत होता. फक्त फ्लेक्स स्तब्ध.

मग रस्ता गप्प झाला. बसचा आवाज नाही, टँकरचा नाही, टपरीवरच्या स्टोव्हचासुद्धा नाही.

आणि फ्लेक्सच्या मागून, अगदी जवळून...

पीं...

पीं...

खांबावरचा दिवा एकदा मिचकला.

मावशीने समोर पाहिलं.

पांढऱ्या गोलात कुणी नव्हतं.

फोटो फाटला नव्हता, रंग उडाला नव्हता. जिथं प्रांजली होती तिथं मागचं निळं आभाळ होतं, ढगांसकट, जणू छापतानाच तिथं कुणी नव्हतं. नाव होतं. भावपूर्ण श्रद्धांजली होती. सांडूभाऊ होते, हात जोडून. रिकाम्या जागेला श्रद्धांजली वाहत होते.

केसरबाईंच्या हातून ग्लास पडला.

मावशीने विचार केला नाही. विळा मारला.

चर्र...

वरपासून खालपर्यंत. मग आडवा. मग मागचा वाढदिवसाचा, तोही. सांडूभाऊ कापले, गॉगलवाले कापले, एकेक करून. फक्त कोपऱ्यातला देव तिने आधी हाताने सोडवला, कपाळाला लावला आणि कमरेला खोचला. मग बांबूच उपटला.

उजवीकडचा रस्ता उघडा झाला.

आणि त्याच क्षणी गल्लीतून एक बाई स्कूटीवर भरधाव आली, मागे शाळेचं दप्तर लावलेली पोरगी. तिने उजवीकडे पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. हातभर अंतरावरून टँकर गेला.

ती बाई म्हणाली, "ताई, बरं झालं तुम्ही हॉर्न दिला."

मावशीच्या हातात विळा होता. हॉर्न कुणी दिला, हे तिने सांगितलं नाही.

ती घरी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या अंगात जीव होता. दारातूनच म्हणाली, "कापला. पोरगी स्वतःहून बाजूला झाली, अवं. तिनं मला कापू दिला."

काका दिव्यासमोर बसले होते. त्यांनी वळून पाहिलं.

"सारजे... फोटो कुणी काढला?"

मावशीला कळेना. चौकट तर भिंतीला होती. हार होता. समोर दिवा तेवत होता.

चौकटीत स्टुडिओचा निळा पडदा होता. फक्त पडदा.

"मी इथंच होतो," काका म्हणाले. "डोळ्यापुढं होता फोटो. दिवा मिचकला अन्..."

मावशीने ट्रंक उघडली. गेटपास काढला. नाव, सही, शिक्का. फोटोच्या जागी पडदा. शाळेच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत एक जागा रिकामी. काकांच्या मोबाईलमध्ये नवीन स्कूटीचा फोटो होता, पूजा केलेली, हार घातलेली. स्कूटी होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

मला रात्री फोन आला. मी म्हटलं, दुःखात माणसाला काहीबाही दिसतं. मग मी माझा मोबाईल उघडला. माझ्या हळदीचा एक फोटो आहे, आम्ही पाच बहिणी ओळीने उभ्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून.

फोटोत चौघी होतो.

मधे एक जागा. आणि माझा हात... खांद्याच्या उंचीवर, हवेत ठेवलेला.

मी मोबाईल उशीखाली घातला आणि सकाळपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सांगाडा ठोकलाच त्यांनी. अशी माणसं एवढ्याने थोडीच थांबतात? सांडूभाऊ नवा फ्लेक्स छापायला गेले. छापणाऱ्याकडे जुनी फाइल होती, ती उघडली तर गोल रिकामा. मग प्रांजलीला सोडून नुसता स्वतःचा छापला आणि संध्याकाळी ताणला.

सकाळी केसरबाई आल्या तेव्हा फ्लेक्सवर निळं आभाळ होतं, आणि मधोमध दोन जोडलेले हात.

नुसते हात. चेहरा नाही.

हसू येतं ना? मलाही आलं होतं. सगळी गल्ली हसली. पण सांडूभाऊंनी तो दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे उतरवून नेला आणि तेव्हापासून त्या सांगाड्याला कुणी दोरीसुद्धा बांधलेली नाही. तो तिथं उभा आहे. त्यातून रस्ता आरपार दिसतो. अपघात होत नाहीत.

मग मी का बेचैन आहे?

परवा मावशीकडे गेले होते. ती पोळ्या लाटत होती. मधेच तिचा हात थांबला.

"बाय," तिने विचारलं, "आपल्या प्रांजलीच्या गालाला तीळ व्हता. कुठल्या गालाला गं?"

मी बोलायला तोंड उघडलं...

आठवेना.

लहानपणापासून एका ताटात जेवलोय आम्ही. मी डोळे मिटले. गुलाबी ओढणी दिसली. मागचं निळं आभाळ दिसलं. ओढणीच्या वर काही दिसेना.

मावशी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं. तिने लाटणं इतक्या जोरात आपटलं की पीठ उडालं.

"त्या सांडूचं थोबाड सांगते मी तुला," ती म्हणाली. "डोळे मिटून सांगते. कपाळावरचा टिळा सांगते, सोन्याचा दात सांगते. ते चाळीस गॉगलवाले एकेक करून सांगते. महिनाभर रोज बघितलेत मेल्यांना. सगळे ध्यानात हायेत."

तिचा आवाज खाली आला.

"माझी लेक तेवढी नाय गं दिसत."

 त्या रात्री मी तिथंच राहिले. झोप लागली नाही.

सकाळी पाळीच्या वेळेला मावशी उठून दारात जाऊन बसली. मीही बसले तिच्या शेजारी. काकांनी चहा आणून ठेवला. गल्ली नुकती जागी होत होती.

पीं... पीं...

दोघांनी वळणाकडे पाहिलं. मी मात्र मान खाली घातली. ती तिथं उभी असेल, मान पुढं काढून, आणि मला तिचा चेहरा ओळखू आला नाही तर?